‘हॅलो’ आला कुठून?

ऑक्टोबर २०२२मध्ये महाराष्ट्र शासनाने एक निर्णय काढला. सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर बोलताना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावं, असं त्यात होतं. यानिमित्ताने मूळ शब्दाची कुळकथा पाहायला हरकत नाही. कारण व्हॉट्सॲपवर जी फिरते, ती निव्वळ थाप आहे.

थाप अशी : अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो. त्याने पहिला फोन तिला लावला आणि तिचं नाव घेतलं. प्रत्यक्षात १० मार्च १८७६ रोजी तारेवरून गेलेलं पहिलं वाक्य शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या मदतनिसासाठी होतं, त्याला बोलावून घेण्यासाठी. पुढच्याच वर्षी बेलने लग्न केलं ते मेबल हबर्डशी. लहानपणी आलेल्या स्कार्लेट फीव्हरमुळे मेबलला ऐकू येत नव्हतं, समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची. टेलिफोनच्या जनकाच्या घरची ही खरी गोष्ट बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी चटका लावणारी आहे; पण ती कोणी फॉरवर्ड करत नाही.

शिवाय बेलला ‘हॅलो’ पसंतच नव्हता. त्याचा आग्रह ‘अहॉय’चा, म्हणजे खलाशी दुसऱ्या जहाजाला हाक मारतात त्या शब्दाचा. तो रूढ झाला असता, तर आपल्याकडे फोनवर सगळेच एकमेकांना ‘अहो’ म्हणताहेत असं वाटलं असतं!

‘हॅलो’चा पुरस्कर्ता थॉमस एडिसन. सुरुवातीच्या टेलिफोनला घंटी नव्हती. दोन कचेऱ्यांमधली लाइन कायम चालूच असे. मग पलीकडच्या माणसाला कळायचं कसं, की कोणीतरी बोलू पाहतंय? १५ ऑगस्ट १८७७ रोजी एडिसनने पिट्सबर्गमधल्या एका टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष टी. बी. ए. डेव्हिड यांना लिहिलं, की घंटीची गरज पडेल असं वाटत नाही. ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरूनही ऐकू येतो. म्हणजे टेलिफोनवर हा शब्द आला तो घंटीच्या बदली. नमस्कार-चमत्काराशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता.

एडिसनने तो घडवला मात्र नाही. अमेरिकी छापील मजकुरात तो १८२०च्या दशकापासून सापडतो, बहुतेकदा आश्चर्याने निघालेला उद्गार म्हणून, आपल्या ‘अरेच्चा’सारखा. त्याची भावंडं ‘हलो’, ‘हुलो’, ‘होला’ त्याहून जुनी; लांबच्या माणसाला थांबवायला किंवा शिकारी कुत्र्यांना चेव आणायला मारलेल्या आरोळ्या. जुन्या जर्मनमध्ये नावाड्याला पैलतीरावरून बोलावतानाही असाच शब्द वापरत.

१८७८मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला व्यापारी तत्त्वावरचं पहिलं एक्स्चेंज निघालं. तिथे बोलणं संपवायलाही ठरावीक वाक्य सुचवलं होतं : ‘दॅट इज ऑल’. ते काही कोणाच्या तोंडी बसलं नाही. ‘हॅलो’ मात्र इतका बसला, की एक्स्चेंजमध्ये लाइन जोडून देणाऱ्या मुलींना ‘हॅलो गर्ल्स’ म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने फ्रान्समध्ये नेलेल्या टेलिफोन ऑपरेटर बायकांनाही हेच नाव पडलं. त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळायला मात्र १९७७ उजाडावं लागलं.