‘१००%’ म्हणजे किती, हे ठरवतं कोण?

जानेवारी २०२५मध्ये गुगलचा पिक्सेल ४ए वापरणाऱ्या अनेकांना एक विचित्र अनुभव आला. फोन २०२०चा, म्हणजे बॅटरी जुनी झालेली होतीच. पण संध्याकाळपर्यंत टिकणारा फोन अचानक दुपारीच बंद पडू लागला. चार्जर, केबल, रोजचा वापर, सगळं पूर्वीसारखंच होतं. बदललं होतं ते आपोआप आलेल्या अपडेटमुळे आतलं सॉफ्टवेअर. काही फोनांमध्ये बॅटरीची उपलब्ध क्षमता कमी होईल, हे कंपनीने सांगितलं होतं. ती कशी कमी झाली, ते मात्र कोड उघडून पाहणाऱ्यांनी शोधलं: एका विशिष्ट बनावटीच्या बॅटरीसाठी चार्जिंगची कमाल मर्यादा ४.४४ व्होल्टवरून ३.९५ व्होल्टवर आणली होती.

ऐकायला हा फरक अर्ध्या व्होल्टचा, पण लिथियम-आयन बॅटरीत तो फार मोठा ठरतो. चार्जिंग चालू असताना लिथियमचे आयन धन ध्रुवाकडून निघून ग्रॅफाइटच्या ऋण ध्रुवात शिरतात. किती आयन पलीकडे गेले, त्यावर व्होल्टेज ठरतं. बॅटरीतली बहुतेक ऊर्जा साधारण साडेतीन ते साडेचार व्होल्टच्या अरुंद पट्ट्यात सामावलेली असते. त्या पट्ट्याचा वरचा अर्धा भाग बंद केला, की क्षमता जवळपास निम्मी होते. तरीही पडद्यावर आकडा १००% दिसतो, कारण ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे फर्मवेअर, म्हणजे फोनचे आतले भाग चालवणारं सॉफ्टवेअर, ठरवतं.

अपडेटनंतर चार्जिंगच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर इथूनच सुरुवात करावी लागते. भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचतो त्याला आपण चार्जर म्हणतो, पण तो फक्त वीज पुरवतो. खरा चार्जर फोनच्या आत असतो. एक चिप बॅटरीला आधी ठराविक प्रवाह देते आणि व्होल्टेज मर्यादेपाशी पोचलं की प्रवाह हळूहळू कमी करत नेते. बॅटरीजवळचा तापमापक गारठा किंवा जास्त उष्णता दाखवू लागला, की ती चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात ग्रॅफाइटवर साचू शकतं, आणि त्यातून पुढे आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो. हे सगळे नियम फर्मवेअरमध्ये लिहिलेले असतात, आणि अपडेटबरोबर ते बदलू शकतात.

दुसरी चिप टक्केवारी सांगते. बॅटरीत किती चार्ज उरला आहे, हे थेट मोजता येत नाही. गच्चीवरच्या बंद टाकीत डोकावता येत नसेल, तर येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपांवर मीटर बसवून आत किती पाणी असेल याचा हिशेब ठेवावा लागतो. इथेही तसंच असतं. अगदी कमी रोधाच्या एका तुकड्यातून जाणारा प्रवाह सतत मोजून ही चिप बेरीज-वजाबाकी करते आणि व्होल्टेजशी ताडून चुका दुरुस्त करते. अपडेटमध्ये हा हिशेब किंवा त्यामागचं गणित बदललं, तर टक्केवारी भरकटते. २०% दिसत असताना फोन बंद पडतो, ९९ वर तासभर अडकतो किंवा रीस्टार्ट केल्यावर आकडा एकदम पंधरा-वीसने खाली येतो. अशा वेळी फोन जवळजवळ उतरेपर्यंत वापरावा आणि मग मध्ये न काढता पूर्ण चार्ज करावा. एक-दोनदा पुरे. यामुळे बॅटरी सुधारत नाही, फक्त हिशेब जुळतो. म्हणून दर महिन्याला ती मुद्दाम पूर्ण उतरवण्याची जुनी सवय आता सोडून द्यावी.

अपडेटनंतरचे पहिले एक-दोन दिवस तर वेगळेच मोजायला हवेत. फोन अ‍ॅप्स नव्याने जुळवत असतो, फोटोंची सूची परत बनवत असतो. त्यामुळे तो गरम होतो, आणि गरम झाला की आतली चिप चार्जिंग मंदावते. बॅटरी लवकर उतरते आणि चार्ज व्हायलाही वेळ लागतो. कव्हर काढून, स्क्रीन बंद ठेवून फोन रात्रभर चार्जिंगला लावला, तर बऱ्याचदा काम भागतं.

चार्जिंग ८०% वर थांबत असेल, तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये बॅटरी जपणारा पर्याय अपडेटने सुरू केला आहे का, ते पाहा. वेग एकदम पडला असेल, तर केबल तपासा. टाइप-सी केबलमधून फोन आणि चार्जर किती व्होल्ट, किती अँपिअर हे आपसात ठरवतात. ही बोलणी फिसकटली तर फोन ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉटवरही येऊ शकतो. नव्या फर्मवेअरची तपासणी अधिक काटेकोर असेल, तर कालपर्यंत चालणारी स्वस्त केबल आज नाकारली जाऊ शकते. तोच चार्जर आणि तीच केबल दुसऱ्या फोनला लावून पाहिली, की दोष कुठे आहे ते पटकन कळतं. पोर्टमध्ये खिशातली लव अडकली असेल, तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढावी.

एवढं करूनही क्षमता घटलेलीच राहिली, तर ती जाणूनबुजून घटवली असण्याची शक्यता असते. सॅमसंगने २०१६मध्ये आग लागण्याच्या घटनांनंतर गॅलक्सी नोट ७ परत मागवले, तेव्हा ज्यांनी फोन परत केले नव्हते त्यांचं चार्जिंग अपडेटने आधी ६०% वर रोखलं आणि पुढे अमेरिकेत पूर्ण बंद केलं. ग्राहकाच्या हातात गेलेली बॅटरी कारखान्यात परत न नेता सुरक्षित करण्याचा कंपनीकडे तेवढाच मार्ग होता, आणि तो वापरला हे योग्यच झालं. पिक्सेल ४एच्या बाबतीत मात्र गुगलने ‘बॅटरीची कार्यक्षमता’ अशी मोघम भाषा वापरली. अतितापामुळे आग लागण्याचा किंवा भाजण्याचा धोका ऑस्ट्रेलियातल्या उत्पादन-परतीच्या सूचनेत स्पष्टपणे आला. ज्याच्या उशाशी रात्री तो फोन असतो, त्याला पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत कारण कळायला हवं होतं.

म्हणून क्षमता अचानक अर्धी झाली, तर इंटरनेटवरून जुनं फर्मवेअर शोधून बसवू नका. मर्यादा त्याच बॅटरीच्या दोषामुळे घातलेली असेल, तर ती काढल्याने धोका परत येतो. कंपनीच्या अधिकृत पानावर फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख-क्रमांक) टाकून तो बाधित फोनांत आहे का ते तपासा आणि मोफत बॅटरी बदलून मिळते का विचारा. पिक्सेल ४एच्या बाधित ग्राहकांना तो पर्याय दिला होता. फोनची पाठ किंचित उचललेली दिसली किंवा स्क्रीन कडेने सुटू लागली, तर बॅटरी फुगली आहे असं समजून चार्जिंग तिथेच थांबवा. पाठ दाबून बसवायला जाऊ नका. फोन बंद करून सर्व्हिस सेंटरला न्या.