बंद खोलीतील जलशेतीचे हवामान-नियोजन

मातीविना, पोषकद्रावणावर पिके वाढवणाऱ्या बंद खोलीत तापमान, आर्द्रता, हवेची हालचाल, कार्बन डायऑक्साइड आणि मुळांजवळच्या पाण्याचे तापमान पिकाला मानवेल इतपत राखता यावे, म्हणून उभारणीपूर्वी केलेला हिशेब आणि त्यावरून केलेली यंत्रांची निवड. ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिके यांनी १९३७ मध्ये रूढ केला. पण त्यांच्या टोमॅटोच्या वेली उघड्यावरच्या उन्हात वाढत. रोपाभोवतीचे हवामानही माणसानेच ठरवायचे, ही कल्पना फ्रिट्स वेंट यांनी पॅसाडेना येथे कॅलटेकमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणली. अशा प्रयोगशाळांना फायटोट्रॉन म्हणतात. आज घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत लेट्यूस आणि बेसिल लावणारा माणूस त्याच वाटेने चाललेला असतो.

पहिली खोली उभारताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, एसी किती टनांचा घ्यावा? त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: रोपे रोज किती पाणी हवेत सोडणार? मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी अगदी थोडे पानांत राहते. बाकीचे बाष्पोच्छ्वासाने खोलीत येते आणि बंद खोलीतून ते आपोआप कुठेही जात नाही.

दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. त्यात दोन मजली रॅकवर मिळून ६ चौरस मीटर लेट्यूस आहे असे धरू. चांगले एलईडी दिवे चौरस मीटरला साधारण ८० वॉट घेतात, म्हणजे एकूण जवळपास ५०० वॉट, दिवसाचे १६ तास. भरात आलेले पीक चौरस मीटरला दीड लिटर पाणी सोडते असे धरले, तर रोजचे ९ लिटर झाले. त्यातले बहुतेक दिवे चालू असतानाच निघते, तासाला सुमारे अर्धा लिटर. आता २४ अंश सेल्सिअसला २८ घनमीटर हवेत जास्तीत जास्त ६१० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ७० टक्के असेल तर उरलेली जागा फक्त १८० ग्रॅमची. यंत्रे थांबली तर कागदावरच्या हिशेबाने वीस-पंचवीस मिनिटांत हवा काठोकाठ भरते. प्रत्यक्षात हवा ओलसर होईल तसा बाष्पोच्छ्वास मंदावतो आणि पाणी भिंतींवर धरू लागते, एवढाच फरक.

याच हिशेबात एसीचे कोडेही आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. तासाला अर्धा लिटर म्हणजे ३४० वॉट. दिव्यांच्या उष्णतेपैकी दोन तृतीयांश भाग वाफेत दडून बसतो आणि तापमापीला दिसतच नाही. थर्मोस्टॅटला खोली थंडच वाटते, कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंद चालतो आणि ओलावा तसाच राहतो. एसीचा एक टन म्हणजे सुमारे ३५०० वॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. या खोलीत दिवे, पंप, पंखे मिळून ६०० वॉटच आहेत. ‘असू दे जरा मोठा’ म्हणून दीड-दोन टनांचा एसी घेतला, तर तो काही मिनिटांत खोली गार करून थांबतो आणि त्याच्या आतल्या थंड नळ्यांवर (कॉइलवर) जमलेले पाणी पंख्याच्या वाऱ्याने पुन्हा हवेत येते. नवख्यांच्या खोल्यांत बुरशी येते ती बऱ्याचदा याच उदारपणामुळे. भिंती आणि विशेषतः छत नीट उष्णतारोधक केले असेल, तर एवढ्या खोलीला एक टन पुरतो. वरच्या मजल्यावरचा उघडा स्लॅब मात्र मे महिन्याच्या दुपारी दिव्यांहून जास्त उष्णता खाली सोडू शकतो. तिथे पफ पॅनल (उष्णता अडवणाऱ्या फोमचे तक्ते) किंवा थर्मोकोलवर केलेला खर्च मोठ्या एसीपेक्षा केव्हाही शहाणपणाचा.

म्हणून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारे यंत्र, वेगळा हवा. त्यावर लिहिलेली दिवसाला इतके लिटर ही क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत मोजलेली असते. थंड, कमी दमट खोलीत ती निम्म्यावर येऊ शकते. रोजच्या ९ लिटरसाठी २० लिटरचा डीह्युमिडिफायर लावावा, तो एवढ्यासाठी. तो वाफेचे पाणी करताना दडलेली उष्णता आणि स्वतःची वीज, दोन्ही खोलीतच सोडतो, हे एसीच्या हिशेबात धरावे. जमा होणारे पाणी जवळपास क्षारमुक्त असते. धूळ आणि धातूचा अंश तपासून ते टाकीत परत घालता येते.

सर्वांत नाजूक वेळ दिवे बंद झाल्यानंतरची. २४ अंशांना ७० टक्के असलेली हवा १९ अंशांवर आली की तीच आर्द्रता ९५ टक्के होते आणि पाण्याचा थेंबही वाढलेला नसतो. दोन रॅकचे दिवे आळीपाळीने लावले, तर हा झटका सौम्य होतो.

आर्द्रतेच्या टक्केवारीवरून रोपाला काय जाणवते ते कळत नाही. त्यासाठी बाष्पदाबाची तूट पाहतात, म्हणजे हवेत मावू शकणारी वाफ आणि प्रत्यक्षातली वाफ यांच्या दाबांतला फरक. ७० टक्क्यांना ही तूट २२ अंशांवर ०.८ किलोपास्कल, तर ३० अंशांवर जवळपास १.३ असते. लेट्यूसला ०.६ ते १ च्या आसपास ठेवावे.

बाहेरची हवा घ्यावी की नाही, हे गाव आणि महिना ठरवतो. कोकणात जुलैत २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असली, तर घनमीटरला २४ ग्रॅम वाफ असते. २४ अंशांच्या हवेत मुळात २२ ग्रॅमही मावत नाही. तिथे एक्झॉस्ट फॅन लावणे म्हणजे खोलीत पाऊस ओढून घेणे. पुण्यात डिसेंबरच्या रात्री तोच पंखा गारवा आणि कोरडेपणा दोन्ही आणतो. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी पण भाजणारी; तिथे दिवे रात्री लावून दुपारी विझवावेत, म्हणजे दिव्यांचा आणि उन्हाचा ताप एकाच वेळी येत नाही.

हवा हलती नसेल तर ही सगळी बेरीज रॅकच्या आत लागू पडत नाही. दाट पानांच्या मध्ये हवा कोंडते, बाष्पोच्छ्वास थांबतो, त्याच्याबरोबर वर चढणारे कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात. याला टिपबर्न म्हणतात. द्रावणात कॅल्शियम भरपूर असूनही तो होतो, म्हणून खत वाढवून फायदा नाही. वरून खाली येणारा मंद वारा हवा.

पाण्याच्या तापमानाकडे उशिरा लक्ष जाते. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच, आणि कोमट पाण्यात पिथियम या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे मूळकूज बळावते. कॉर्नेल विद्यापीठाच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मुळांचे पाणी २४ अंशांवर ठेवल्यावर दिवसा ३१ अंशांच्या हवेतही विक्रीयोग्य लेट्यूस मिळाले. पैसे मोजकेच असतील, तर टाकी सावलीत ठेवून तिला आवरण घालणे आणि पाणी गार करणारा छोटा चिलर लावणे यांना मी पहिली पसंती देईन.

रोपे कार्बन डायऑक्साइड शोषत राहतात, म्हणून बंद खोलीत तो बाहेरच्या सुमारे ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) खाली जातो. पहिल्या खोलीसाठी ठरावीक वेळाने थोडी ताजी हवा पुरे. तो वाढवण्यासाठी झोपायच्या खोलीला लागून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बसवू नये. गळती झाली तर ती जिवावर बेतू शकते.

आर्द्रतामापी पानांच्या उंचीवर, दिव्याच्या थेट झोताबाहेर टांगावा. तो खरे सांगतो का, हे स्वयंपाकघरातल्या मिठाने तपासता येते: घट्ट झाकणाच्या बरणीत ओलसर मिठाचा लगदा आणि मापी काही तास ठेवले की २५ अंशांना ७५ टक्के दिसायला हवेत. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आधी पाण्याचा पंप, मग हवेचे पंखे. एसी आणि दिवे थांबले तरी चालतात. पाण्याची पातळ धार वाहणाऱ्या पाइपांत मुळे लवकर सुकतात, भरलेल्या टाकीवर तरंगणाऱ्या रोपांना बराच अवधी मिळतो. जिथे वीज वरचेवर जाते, तिथे पहिली खोली तरंगत्या रोपांचीच करावी.