स्टेशनचा खर्च फुगतो तो भाववाढीने की वाढीव कामाने?

नाशिकरोड स्टेशनच्या कामाचा आकडा वाढल्याची चर्चा निघाली, की कुणीतरी म्हणतंच, ‘सिमेंट-स्टील केवढं महागलंय!’ झालं, विषय मिटला. प्रत्यक्षात अंदाजपत्रक बहुतेक वेळा फोडतं ते वाढीव काम.

भाववाढ बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रेल्वेच्या करारात ती ठेकेदाराच्या खरेदी पावत्यांवरून नाही, बाजारभावाच्या निर्देशांकांवरून निघते. बिलाचा पंधरा टक्के भाग स्थिर, त्यावर भाववाढ मिळत नाही. समजा, १० कोटींच्या बिलात सिमेंटचा वाटा १५ टक्के आणि निर्देशांक ८ टक्के चढला, तर फरक १२ लाख. निर्देशांक उतरला तर कपातही होते.

वाढीव कामात दर तोच, मोजमाप पुस्तकात (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) चढणारं परिमाण, म्हणजे कामाचं माप, मात्र जास्त. किंवा निविदेत नसलेली बाबच नव्याने येते. गोंधळ नेमका इथे होतो, कारण स्टीलचं बिल दर वाढल्यानेही वाढतं आणि टन वाढल्यानेही. पादचारी पुलाचा खांब खोदायला घेतला, खाली सिग्नलची केबल निघाली. खांब सरकवला, गाळा (दोन खांबांमधलं अंतर) लांबला, गर्डर जड झाला. बिल वाढलं की खापर बाजारावर! बाजारभाव तसूभरही हललेला नसतो.

परिमाणाला करारात लगाम आहे. समजा, फरशीची नॉन-एसओआर बाब (रेल्वेच्या ठरलेल्या दरसूचीत नसलेली) २,००० चौरस मीटरची आहे. २,५०० पर्यंत मूळ दर, तिथून २,८०० पर्यंतच्या जादा कामाला दराच्या ९८ टक्के, पुढे ३,००० पर्यंत ९६ टक्के. पायाच्या कामाला मात्र ही मर्यादाच नाही, मूळ दराने हवं तेवढं वाढतं. म्हणून पायाच्या तपासणीत केलेली काटकसर मला मूर्खपणाची वाटते. निविदेआधी प्रत्येक खांबाच्या जागी हाताने चाचणी खड्डा घ्यावा, केबल-पाइपलाइन नकाशावर पक्क्या कराव्यात, काळी माती, मुरूम आणि कठीण खडक यांची खोदाई वेगवेगळी धरावी. ‘साधारण मुरूम’ असं लिहून मोकळं होणाऱ्यांना नंतर खडक फोडायचे पैसे मोजावे लागतात.

वाढीव काम भाववाढही ओढून आणतं. नकाशा बदलल्यामुळे रेल्वेच्या खात्यावर, म्हणजे रेल्वेच्याच कारणाने, मुदतवाढ मिळाली, तर भाववाढ चालूच राहते; ठेकेदाराच्या दोषाने मिळाली, तर निर्देशांक मूळ मुदतीच्या शेवटच्या महिन्यावर गोठतो, खाली गेला तरच कमी धरतात. त्यामुळे मुदतवाढीच्या पत्रात कारण मोघम लिहू नये.

आणि व्हेरिएशन स्टेटमेंट, म्हणजे मूळ आणि वाढीव परिमाणांतल्या फरकाचा तक्ता, शेवटच्या बिलाला जोडायची खोड बंद व्हायला हवी. दर चालू बिलाबरोबर आजवरचं परिमाण आणि उरलेल्या कामाचा अंदाज शेजारीशेजारी मांडला, तर बाब मूळ परिमाणाच्या ११० टक्क्यांवर असतानाच लक्षात येते आणि नकाशात काटछाट करायला वाव उरतो.