निसर्ग-इतिहास संग्रहालयातील स्थानिक प्राण्यांची निगा

निसर्ग-इतिहास संग्रहालयात परिसरातील वन्य जातींचे निवडक जिवंत प्राणी प्रदर्शन व शिक्षणासाठी ठेवण्याची व्यवस्था. यांत साप, कासवे, बेडूक, मासे व कीटक प्रमुख असतात. पक्षी व सस्तन प्राणी बहुधा जखमी वा माणसाळलेले, म्हणजे निसर्गात परत सोडता न येणारे असतात.

या प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालयाला जोडून १७९३-९४ च्या सुमारास उभारलेली पशुशाळा हा आरंभ मानण्याकडे अनेकांचा कल आहे. तथापि तेथे व्हर्सायच्या राजेशाही पशुशाळेतून आणलेले परदेशी प्राणीही होते. ‘स्थानिक’ ही अट लावल्यास हे उदाहरण अपुरे पडते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत चर्मपूरक (मृत प्राण्यांच्या कातडीत पेंढा भरणारे) विल्यम हॉर्नडे यांनी १८८७ च्या सुमारास जिवंत प्राण्यांचा विभाग सुरू केला. तेथील अमेरिकी प्राणी पेंढा भरणाऱ्यांना नमुना म्हणून उपयोगी पडत. पुढे त्यातूनच तेथील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय उभे राहिले (१८८९ चा कायदा). आजच्या अर्थाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र टूसॉनजवळचे ॲरिझोना-सोनोरा वाळवंट संग्रहालय (१९५२) हेच म्हणावे लागेल. त्याचे एक संस्थापक विल्यम कार यांनी त्यापूर्वी न्यूयॉर्क राज्यातील बेअर माउंटन येथे असाच प्रयोग केला होता.

निगेतील खरी अडचण संग्रहालयाच्या स्वरूपातच आहे. वाळवलेल्या नमुन्यांना सुमारे ५०% सापेक्ष आर्द्रता मानवते, तर पुष्कळशा बेडकांना ती बरीच जास्त लागते. नमुन्यांसाठीची कीटकनाशके व नॅप्थलीन जिवंत प्राण्यांना घातक ठरतात; उलट प्राण्यांचे खाद्य व विष्ठा यांवर वाढणारे डर्मेस्टिड भुंगेरे कातडी नमुने कुरतडतात. (हेच भुंगेरे सांगाडे साफ करण्यासाठी मुद्दाम पाळलेही जातात.) म्हणून दोन्ही विभागांची हवा, वाट व साधने वेगळी ठेवणे श्रेयस्कर होय. नवा प्राणी आधी विलगीकरणात ठेवतात. उभयचरांबाबत ही दक्षता १९९९ मध्ये वर्णन झालेल्या, उभयचरांना त्वचेचा घातक रोग जडवणाऱ्या कायट्रिड कवकामुळे (बुरशीमुळे) अधिकच कडक झाली. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढल्याशिवाय ते बेडकांना देत नाहीत. दिवसा वावरणाऱ्या सरड्यांना व कासवांना जंबुपार-ब (अल्ट्राव्हायोलेट-बी) किरणे व कॅल्शियम न मिळाल्यास हाडे मऊ पडतात.

मेलेला प्राणी बहुधा संशोधनसंग्रहात जातो. बंदिवासात कवटी व दात यांची ठेवण बदलू शकत असल्याने नमुन्याच्या चिठ्ठीवर ‘बंदिवासातील’ अशी नोंद आवश्यक असते.