वऱ्हाडात आधी आवाज पोचला, ठेका नंतर

नाझिया हसनचं नाव निघालं की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची पन्नाशी-साठीतली माणसं तिच्या गाण्यावर नाचल्याचं सांगत नाहीत, तिचा आवाज ऐकल्याचं सांगतात. डिस्को हे मुळात नाचायचं संगीत. मग कापसाच्या मुलखात, जिथे डिस्कोथेक कुणी बघितलेलं नव्हतं, तिथे या गायिकेचे इतके चाहते कसे झाले, आणि तेही तिच्या गळ्याचे? लहानपणापासूनच्या आठवणी चाळत गेलो की मला याचं उत्तर एका पत्र्याच्या भोंग्यापाशी सापडतं. पण आधी ती स्वतः कोण होती, ते सांगायला हवं.

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५चा, कराचीतला. बालपण थोडं कराचीत, थोडं लंडनमध्ये गेलं. पाकिस्तान टेलिव्हिजनवरच्या मुलांच्या गाण्यांच्या कार्यक्रमांत ती आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब दिसत. लंडनमधल्या एका घरगुती समारंभात फिरोज खान यांची आणि तिची गाठ पडली. ते तेव्हा ‘कुर्बानी’ करत होते. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण एक गाणं फिरोज खान यांना अगदी वेगळं हवं होतं. त्यासाठी त्यांनी बिड्डूंना गाठलं. बिड्डू मूळचे बंगळूरचे. तरुणपणीच इंग्लंडला गेले आणि तिथेच संगीतकार, निर्माते म्हणून उभे राहिले. १९७४ साली ‘कुंग फू फायटिंग’ हे त्यांनी निर्मिती केलेलं गाणं इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. अशा माणसापुढे ही शाळकरी पोरगी गायला उभी राहिली.

‘आप जैसा कोई’ लंडनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. आपल्याकडे तेव्हा वादक आणि गायक बहुतेक एकत्रच गात-वाजवत. इथे पद्धत निराळी होती. ड्रम, बेस गिटार, सिंथेसायझर, सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतलं, आणि नाझियाचा आवाज एकावर एक असा दुहेरी चढवला. चांगल्या हेडफोनवर नीट ऐकलं तर कळतं, तीच ओळ तीच मुलगी दोनदा गातेय आणि दोन्ही आवाजांत केसाएवढं अंतर आहे. त्या अंतरामुळे आवाजाला एक झळाळी येते, पितळी भांडं चिंचेनं घासल्यावर येते तशी. ‘कुर्बानी’ १९८० साली आला, गाणं पडद्यावर झीनत अमाननं केलं, आणि १९८१ साली सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर नाझियाला मिळालं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. लता-आशांच्या राज्यात पंधरा वर्षांच्या मुलीनं हे करून दाखवावं, याचं मला आजही नवल वाटतं.

डिस्कोचं एवढंच सांगतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत तो वाढला. दर मात्रेला बेस ड्रमचा एक ठोका, मिनिटाला साधारण १२० ठोके, असा त्याचा साचा. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डांचा ढीग स्फोटानं उडवून दिला गेला. तिकडे लोक डिस्कोला कंटाळले होते, आणि आमच्याकडे तो अजून यायचाच होता.

आमच्या गावात तो पोचला १९८१च्या उन्हाळ्यात, लग्नसराईत. माझ्या चुलतभावाकडे, म्हणजे दादाकडे, लाउडस्पीकर होता. एक अ‍ॅम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन भोंगे, आणि सगळं बैलबंडीत घालून गावोगाव न्यायचं. कापूस सरकारी खरेदीच्या एकाधिकार योजनेत गेलेला, चुकारा म्हणजे त्याचे पैसे हाती आलेले, आणि वैशाखात पोरीचं लग्न काढलेलं. अशा घरांची दादाकडे रीघ असायची. मांडव पडला की पहिला भोंगा लिंबाच्या शेंड्याला बांधायचा. हळदीच्या दिवशी पहाटे पाचला गणपतीचं गाणं, आणि मग दिवसभर रेकॉर्डी.

आता भोंग्याचं जरा खोलात जाऊन सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. लग्नातला तो चोंगा लांबवर आवाज फेकण्यासाठी बनवलेला असतो. माणसाचं बोलणं दोन कोस जावं, ही त्याची नेमणूक. खालचे, खर्जातले सूर त्याला पेलतच नाहीत. तबल्याचा बायाँ त्यातून नुसता ‘टुक’ असा येतो, ढोलकीचा धुम नाहीसा होतो. म्हणजे बघा, ज्या बेस ड्रमवर आणि बेस गिटारवर डिस्को उभा आहे, तोच भाग भोंग्यानं गाळून टाकला. राहिलं काय? टाळ्यांसारखा टकटक आवाज, वरचा गिटार, आणि त्या सगळ्याच्या पुढे त्या मुलीचा गळा. मुंबईच्या हॉटेलात जे लोक या गाण्यावर नाचले त्यांच्या अंगात ठेका शिरला. आमच्याकडे, सड्याच्या वेळी, शेणाच्या वासात, शेंड्यावरून उतरला तो फक्त आवाज. शेजारच्या गावी लग्न असलं तर तो वाऱ्याबरोबर यायचा-जायचा. निंदणाऱ्या बाया मान वर करायच्या.

“कोन गाते वो हे? लहानशी पोरगी दिसते!” माझी मोठी आई म्हणाली होती. कुणाचंच नाव तिला माहीत नव्हतं, पण वय तिनं बरोबर ओळखलं.

हा गळा आमच्या कानांना परका का वाटला नाही, याचाही विचार करायला हवा. नाझियाच्या गाण्यात मुरक्या-हरकतींची नक्षी नाही. सूर सरळ लागतो, जरासा नाकातून, आणि जिथे संपायचा तिथे संपतो. शास्त्रीय संगीत शिकलेल्यांना हा कच्चा गळा वाटला, तसं अनेकांनी बोलूनही दाखवलं. मला ते मान्य नाही. आमच्याकडे रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना व्हायची, त्याच दादाच्या भोंग्यावरून. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आम्ही जन्मापासून ऐकलेली. त्या गाण्यातही कसरत नसते; शब्द थेट समोरच्याच्या कानात घालायचा असतो. सरळ आवाजाची आवड आमच्यात आधीपासूनच पेरलेली होती. भजन आणि डिस्को यांची मी तुलना करत नाही, कुणी तसं समजू नये. ऐकणारा कान एकच होता, एवढंच म्हणणं आहे.

रेडिओनंही हातभार लावला. विविध भारतीची जाहिरात प्रसारण सेवा १९६७ साली सुरू झाली ती मुंबई, पुणे आणि नागपूरपासून, त्यामुळे आमच्याकडे फर्माइशीच्या कार्यक्रमांचं वेड जुनंच. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावून अमीन सायानींची गीतमाला ऐकायची. लहरीवर आवाज खाली-वर व्हायचा, ऐन कडव्यात गाणं बुडायचं आणि पुन्हा वर यायचं. चित्रपट मात्र तालुक्याच्या टॉकीजला पुष्कळ महिन्यांनी लागला. तोवर गाणं पाठ होऊन जुनं झालेलं. पडद्यावर झीनत अमान दिसली तेव्हा माझ्या शेजारच्या पोरानं हळूच विचारलं, “मंग थे गानारी कोनती?”

त्याच वर्षी, १९८१ मध्ये, ‘डिस्को दीवाने’ ही ध्वनिफीत आली. बिड्डूंचं संगीत, नाझिया आणि झोहेबचे आवाज. ही कुठल्या चित्रपटाची गाणी नव्हती, आणि खेड्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट होती. आमच्याकडे चित्रपटाबाहेरचं गाणं म्हणजे भजन, कव्वाली, फार तर शाहिरी. नायक नाही, नायिका नाही, गोष्ट नाही, तरी पोरं एखादं गाणं गुणगुणतात, हे पहिल्यांदा झालं. गायिकेचा चेहरा कॅसेटच्या वेष्टनावर बोटाएवढा. बाकी सगळी ओळख आवाजाची.

आणि कॅसेट हाती आल्यामुळेच ते झालं. आखाती देशांत कामाला गेलेल्या माणसांकडून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेले, यायला लागले होते. आमच्या घरी कापसाच्या चुकाऱ्यातून एक आला. आबांनी तो बातम्यांसाठी घेतला असं सांगितलं होतं. कोरी कॅसेट घ्यायची, दादा शकुंतलेनं, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रुळांच्या रेल्वेनं, मूर्तिजापूर गाठायचा, तिथून अकोला, तिथल्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची, आणि दुकानदार मूळ रेकॉर्डवरून गाणी भरून द्यायचा. मग त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दर उतरवणीला सूं असा आवाज वाढत जायचा आणि गाणं थोडं मागे सरायचं. कायद्यानं ते बरोबर नव्हतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की दुसऱ्या कुठल्याच वाटेनं हा आवाज आमच्या गावात आला नसता.

आमच्या कॅसेटची एक गोष्ट सांगतो. एकदा टेप मशीनमध्ये गुंडाळली गेली. ताईनं कात्रीनं चुरगळलेला बोटभर तुकडा कापला, दोन टोकं जुळवली, मागून सेलोटेप लावली आणि नेलपॉलिशच्या बाटलीच्या तळाशी ठेवून ती अंगठ्यानं दाबली. पेन्सिल घालून चक्री फिरवली. गाणं पुन्हा सुरू झालं, पण ‘डिस्को दीवाने’च्या दुसऱ्या कडव्यात एक शब्द कायमचा गेला. आमची अख्खी गल्ली ते गाणं त्या शब्दाशिवायच म्हणायची. पुढे पुष्कळ वर्षांनी मोबाइलवर ताईनं ते पूर्ण ऐकलं आणि थांबवून विचारलं, “हे मधातच काय टाकलं यायनं?”

लाइट नसली की सेलवर ऐकायचं. सेल उतरायला लागले की नाझियाचा आवाज हळूहळू जाड होत बाप्यासारखा व्हायचा. मग सेल काढून दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे. संध्याकाळी दोन गाण्यांपुरता जीव यायचा त्यांत. कोणती दोन, यावरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची. माझं मत नेहमी ‘आओ ना’ला पडायचं, आजही पडेल. धावतं गाणं कुणीही म्हणेल. त्या संथ गाण्यात ती श्वास कुठे घेते तेसुद्धा ऐकू येतं.

१९८२ मध्ये नाझिया-झोहेबच्या गाण्यांचा ‘स्टार’ आला. चित्रपट पडला, त्यातलं ‘बूम बूम’ टिकलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला आणि मग गावातलं वातावरणच बदललं. बप्पी लाहिरींची गाणी, मिथुनसारखे केस, जत्रेतल्या नाटकांत मध्येच एखादा चमकी लावून नाचणारा. ती गाणी मलाही आवडायची. पण तिथे गाण्याचा धनी नाचणारा होता. नाझियाची गाणी वेगळ्या कप्प्यात राहिली, तिचे चाहतेही. तिच्या पुढच्या ध्वनिफिती म्हणजे ‘यंग तरंग’ १९८४ची, ‘हॉटलाइन’ १९८७ची, आणि ‘कॅमेरा कॅमेरा’ १९९२ची. त्यानंतर ती गाण्यातून बाजूला झाली. कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रांत काम केलं. अलिशा चिनॉयनं गाजवलेलं १९९५चं ‘मेड इन इंडिया’ बिड्डूंनी आधी नाझियासाठी योजलं होतं, पण तिनं ते घेतलं नाही. पाकिस्तानी मुलीनं ते गाणं गायलं तर पाकिस्तानातल्या लोकांना वाईट वाटेल, हा तिचा विचार. कितीदा तरी वाटतं, ते तिच्या आवाजात कसं झालं असतं.

१३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं ती गेली. अवघी ३५ वर्षांची होती. आमच्याकडे पेपर दुपारच्या एसटीनं यायचा. पोळा तोंडावर होता, बैलांच्या साजाची खरेदी चाललेली, आणि दादा पारावर पेपर उघडून बसला होता. आतल्या पानावर छोटी बातमी होती. त्यानं ती मोठ्यानं वाचली. त्याच्याहून लहान होती ती, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

२०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटात ‘डिस्को दीवाने’ नव्यानं आलं आणि त्यात तिचा मूळ आवाजही घेतला होता. पोरांना वाटलं नवंच गाणं आहे. त्याच सुमारास आमच्याकडे भोंगे जाऊन लग्नात डीजे आले, माणसाच्या उंचीचे बॉक्स, आणि नागपूरकडचे धुमाळवाले, म्हणजे वरातीतले वाजंत्रीवालेसुद्धा कॅसिओवर ‘आप जैसा कोई’ची सुरुवात वाजवू लागले.

पुतण्याच्या वरातीत डीजेवाल्यानं जुनं मूळ गाणं लावलं. तीस वर्षांत प्रथमच मी ते खालच्या सुरांसकट ऐकलं. बेस ड्रमचा एकेक ठोका छातीवर येत होता, बेस गिटार खालून सरपटत जात होता, पायाखालची माती हलत होती. दादा त्या बॉक्ससमोर उभा होता, हात कमरेवर. “हे एवढं सारं त्याच रेकॉर्डमधी होतं का बे?” त्यानं मला विचारलं. मी होय म्हटलं. तो जरा वेळ ऐकत राहिला. मग गाडीवरच्या पोराजवळ गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “बाबू, बेस थोडा कमी कर ना. त्या पोरीचा आवाज आयकू दे.”