द्वंद्वक्रीडांतील पंचांचा कल आणि घरच्या मैदानाचा फायदा

मुष्टियुद्ध, मिश्र मार्शल आर्ट्स, तायक्वांदो, ज्युदो अशा खेळांत लढत मध्येच निर्णायकपणे संपली नाही, तर विजेता बऱ्याच अंशी पंचांच्या मतावर ठरतो. हे मत एकाच बाजूला वारंवार झुकू लागले की त्याला पंचांचा पक्षपात म्हणतात. ती बाजू यजमान खेळाडूची असेल, तर घरच्या मैदानाच्या फायद्यात त्याची भर पडते. पक्षपात म्हटले की लाच आणि संगनमत आठवते. तसे प्रकार घडले आहेतच. पण नकळत पडणारा कल अधिक चिवट असतो, कारण तो पंचाला स्वतःलाही जाणवत नाही.

यजमानाला फायदा केवळ पंचांमुळे मिळत नाही. त्याला लांबचा प्रवास नसतो, हवामान सवयीचे असते, आणि व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रतिस्पर्धीही अनेकदा त्याच्याच प्रवर्तकाने, म्हणजे लढत भरवणाऱ्याने, निवडलेला असतो. मग यातला पंचांचा वाटा वेगळा कसा काढायचा? युरोपीय विजेतेपदाच्या मुष्टियुद्ध लढतींवरील २००५ च्या अभ्यासात बाल्मर, नेव्हिल आणि लेन यांनी त्यासाठी लढत कशी संपली यानुसार निकाल वेगळे केले. दोघे खेळाडू तुल्यबळ धरल्यास यजमानाच्या विजयाची शक्यता नॉकआउटमध्ये ०.५७, टेक्निकल नॉकआउटमध्ये ०.६६ आणि गुणांवरील निकालात ०.७४ निघाली. नॉकआउटमध्ये ठोसा खाऊन पडलेला खेळाडू वेळेत उठू शकत नाही, त्यामुळे मताला फारशी जागा नसते. टेक्निकल नॉकआउटमध्ये लढत थांबवायची की नाही हे बहुधा रिंगमधला रेफरी ठरवतो. गुणांवरचा निकाल तर पूर्णपणे मतावरच उभा असतो. या विषयात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

कल शिरतो कुठून, हे मुष्टियुद्धाच्या गुणपद्धतीत पाहावे लागते. प्रत्येक फेरीत सरस ठरलेल्याला १० आणि दुसऱ्याला बहुधा ९ गुण मिळतात. फेरी एकतर्फी असो वा काट्याची, फरक सहसा एकाच गुणाचा. बारा फेऱ्यांत ८-४ अशी आघाडी असलेल्याचे ११६-११२ होतात. त्यातल्या दोनच निसटत्या फेऱ्या पलीकडे गेल्या, तर लढत ११४-११४ अशी बरोबरीत सुटते. शिवाय पंच रिंगच्या एकाच बाजूला बसलेला असतो. खेळाडूंच्या पाठीआड काही ठोसे लपतात, काही ग्लोव्हवर अडतात. डोळ्यांना न दिसलेले कान भरून काढतो: यजमानाच्या अडलेल्या ठोशावरही प्रेक्षक गर्जना करतात, पाहुण्याच्या नेमक्या ठोशावर शांतता पसरते.

गर्दीपलीकडेही कारणे आहेत. २००८ च्या एका प्रयोगात अनुभवी तायक्वांदो पंचांना त्याच लढतींच्या चित्रफिती संरक्षक पोशाखाचे रंग अदलाबदल करून दाखवल्या. लाल रंगातल्या खेळाडूला सुमारे १३ टक्के जास्त गुण मिळाले.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाची एक अंतिम लढत आजही सल म्हणून उरली आहे. अमेरिकेच्या रॉय जोन्स यांचे ८६ ठोसे लागले, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुन यांचे ३२; तरी निकाल ३-२ असा पार्क यांच्या बाजूने लागला. त्याच स्पर्धेतील सर्वोत्तम मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर चषक मात्र जोन्स यांना मिळाला. पुढे ऑलिंपिक समितीच्या चौकशीत लाचेचा पुरावा सापडला नाही. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताच्या मुष्टियोद्ध्या सरिता देवी उपांत्य फेरीत यजमान पार्क जी-ना यांच्याकडून वादग्रस्त निर्णयावर हरल्या. पदक वितरणात त्यांनी आपले कांस्य रडत पार्क यांच्याच हाती दिले. सरिता यांच्यावर वर्षभराची बंदी आली. चार वर्षांची मेहनत कोणाच्या तरी मतावर गेल्याची वेदना त्या दृश्यात जगाने पाहिली, आणि शिक्षा झाली ती वेदनेलाच, असे म्हणावे लागते.

उपाय अपुरे पडत आले आहेत. १९९२ पासून ऑलिंपिक मुष्टियुद्धात पाचपैकी तिघा पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच गुण धरला जाई. त्यामुळे शरीरावरचे जलद, सलग ठोसे मोजणीतून निसटू लागले; २०१३ मध्ये ही पद्धत सोडून दहा गुणांच्या पद्धतीकडे वळावे लागले. ज्युदोत लढत बरोबरीत राहिली तर पंच खेळाडूच्या रंगाचे झेंडे उंचावून निकाल देत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिघांनी कोरियाच्या चो जुन-हो यांना कौल दिला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, वरिष्ठांनी हस्तक्षेप केला, आणि त्याच तिघांनी जपानच्या एबिनुमा यांच्या रंगाचे झेंडे उंचावले. पुढच्याच वर्षी ही प्रथा बंद झाली.

तरीही यजमानाचा प्रत्येक निसटता विजय संशयित नसतो. २०१७ मध्ये ब्रिस्बेनमध्ये ५० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर जेफ हॉर्न यांनी मॅनी पॅकियाओ यांना गुणांवर हरवले, तेव्हा जगभर ओरड झाली. जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने पाच स्वतंत्र पंचांकडून लढत पुन्हा तपासून घेतली. त्यांच्या मते हॉर्न यांनी ७ आणि पॅकियाओ यांनी ५ फेऱ्या जिंकल्या होत्या.