घटातले तुरे पिवळे का?

२०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि शरद संपातही, म्हणजे दिवस-रात्र सारखे होण्याचा शरदातला दिवस, नेमका त्याच दिवशी होता. पंचांगातला शरद आणि खगोलशास्त्रातला शरद एकाच दिवशी सुरू झाला, हे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगितलं. कुणी दाद दिली नाही. सगळे परडीत काळी माती भरण्यात, मधोमध मातीचा घट बसवून भोवती गहू, ज्वारी, हरभरा, मूग टोचण्यात गुंतले होते. माझ्या मते वर्षातला हा सगळ्यात छान उद्योग. बोटं मातीत जातात, तिसऱ्या दिवशी पहिला कोंब दिसतो आणि शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरालाही आपण शेतकऱ्याच्या वंशातले असल्याची आठवण होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर मावशीने फोटो टाकला. परडीत वीतभर उंच, पिवळेधमक तुरे. खाली मजकूर : ‘यंदा घट फारच छान आला. देवी प्रसन्न आहे, वर्ष भरभराटीचं जाणार.’ मग एकेकाचे फोटो येऊ लागले. एका वहिनींचे तुरे हिरवेगार पण चार-पाच बोटं उंचीचे. त्यांनी बिचाऱ्यांनी लिहिलं, ‘आमचे खुजेच राहिले यंदा.’

मला राहवलं नाही. मी लिहिलं, ‘मावशी, तुझ्या देवघरात अंधार आहे.’

हे वाक्य भलत्याच अर्थाने घेतलं गेलं, म्हणून हा सविस्तर खुलासा.

मातीत पेरलेल्या दाण्याजवळ शिदोरी मोजकी असते. गव्हाच्या दाण्यात पिष्ट असतं, हरभऱ्याच्या डाळिंब्यांत पिष्ट आणि प्रथिनं. ती संपायच्या आत कोंबाने उजेडात पोचायला हवं, म्हणजे प्रकाशसंश्लेषण सुरू होऊन त्याला स्वतःचं स्वतः कमावता येईल. वर माती किती आहे हे दाण्याला ठाऊक नसतं. म्हणून अंधारात त्याचं धोरण एकच : सगळा खर्च उंचीवर. पानं पसरायची नाहीत, हरितद्रव्य तयार करायचं नाही, मुळांवरही हात राखूनच खर्च करायचा. मूग तर मान खाली घालून वर येतो. शेंडा वाकवून आकडीसारखा ठेवतो, म्हणजे कोवळं टोक मातीला घासत नाही. उजेड लागला की आकडी उलगडते, वाढीचा वेग उतरतो, पानं उघडतात आणि हिरवी होतात.

मावशीचं देवघर म्हणजे भिंतीतलं कपाट, त्याला दार. आत नंदादीपाचा मिणमिणता उजेड. तिथला गहू नऊ दिवस याच समजुतीत होता की आपण अजून जमिनीखालीच आहोत. वहिनींची परडी खिडकीशी होती. त्यांच्या गव्हाला चौथ्याच दिवशी कळलं की आपण पोचलो. फडताळात विसरलेल्या बटाट्याला फुटणारे लांब पांढरे कोंब हाच प्रकार, आणि फडक्यात बांधलेल्या मटकीचे मोडही.

आता माझ्या आवडीचा भाग. डोळे नसताना रोपाला उजेड कळतो कसा?

अमेरिकेत मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल इथे कृषी खात्याची मोठी संशोधनशाळा आहे. तिथे हॅरी बोर्थविक हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स हे रसायनशास्त्रज्ञ लेट्यूसच्या बियांवर काम करत होते. या बियांची एक जात अंधारात नीट रुजत नाही. भिजलेल्या बियांवर थोडा वेळ लाल प्रकाश टाकला की रुजते. लालनंतर दूरलाल प्रकाश टाकला तर पुन्हा रुजत नाही. दूरलाल म्हणजे लालच्याही पलीकडचा, अवरक्ताच्या वेशीवरचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. मग त्यांनी आळीपाळीने दोन्ही टाकून पाहिले : लाल, दूरलाल, लाल, दूरलाल, लाल. कितीही वेळा करा, निकाल शेवटच्या प्रकाशावर ठरतो. शेवटी लाल असेल तर बी रुजतं, दूरलाल असेल तर नाही. जिन्यातल्या दिव्याचं बटण कितीही वेळा खालीवर केलं तरी दिवा शेवटच्या स्थितीप्रमाणेच राहतो, तसं. हे १९५२ साली प्रसिद्ध झालं. त्यावरून त्यांनी ताडलं की बियांत एकच रंगद्रव्य असून त्याची दोन रूपं एकमेकांत बदलत असावीत. १९५९ मध्ये बेल्ट्सव्हिललाच ते प्रत्यक्ष सापडलं. त्याचं नाव फायटोक्रोम.

फायटोक्रोमचं एक रूप ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतं आणि दुसऱ्या रूपात जातं. दुसरं रूप ७३० च्या आसपासचा दूरलाल शोषून परत पहिलं होतं. अंधारात वाढलेल्या कोंबात सगळं पहिलं, निष्क्रिय रूप असतं. ऊन पडलं की त्यातला बराच भाग दुसऱ्या रूपात जाऊन पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि ‘वाढ, अजून वाढ’ असा हुकूम चालू ठेवणारी प्रथिनं मोडीत काढतो. खोडाची धाव मंदावते.

दाट पेरलेली रोपं उंच का धावतात, हेही यावरून कळतं. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि दूरलाल बराचसा खाली सोडून देतं. म्हणून गर्दीत सापडलेल्या रोपाला दूरलालच जास्त मिळतो, फायटोक्रोमचं बटण मागे सरकतं आणि रोप शेजाऱ्याच्या वर डोकं काढायला धावतं. दाट पेरलेलं पीक लांबुडकं होऊन लोळतं, हे शेतकऱ्यांना फायटोक्रोमचं नाव न घेता माहीत आहे. परडीत तर आपण दाण्याला दाणा लावून पेरतो. नंदादीपाचीही फारशी मदत नाही. ज्योतीच्या उजेडात लालपेक्षा दूरलाल जास्त, निळा जवळपास नाहीच.

पिवळेपणाची गोष्ट थोडी वेगळी, आणि जरा किचकट. रोप अंधारातही हरितद्रव्याच्या कारखान्यातले जवळपास सगळे टप्पे उरकतं आणि शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर, प्रोटोक्लोरोफिलाइड नावाच्या रेणूवर थांबतं. त्याच्यावर दोन हायड्रोजन चढवणारं विकर (एन्झाइम) गहू-मुगासारख्या सपुष्प वनस्पतींत उजेड पडल्याशिवाय कामच करत नाही. असली प्रकाशावर चालणारी विकरं निसर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाइन वृक्षाच्या रोपाकडे याचं काम अंधारात करणारं आणखी एक विकर आहे, म्हणून ते अंधारातही हिरवं होतं. गव्हाकडे ते नाही. हरितद्रव्य नसल्यामुळे पानातली कॅरोटिनॉइडं उघडी पडतात आणि तुरा पिवळा दिसतो. (गाजरातल्या रंगद्रव्याची ही भावंडं.)

हरितद्रव्याचा विषय निघालाच आहे तर गव्हांकुराच्या रसाबद्दल एक शब्द. ‘हिरवं रक्त’ म्हणून तो विकतात. कारण काय, तर हरितद्रव्याचा रेणू हिमोग्लोबिनमधल्या हीमसारखा दिसतो. दिसतो खरा, पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या लोह. पोटातल्या आम्लात ते मॅग्नेशियमही निघून जातं. त्याचं रक्त होत नाही. आवडत असेल तर जरूर प्या, भाजी म्हणून.

दोन-तीन दिवसांनी मावशीचा फोन आला. राग निवळला होता.

“म्हणजे उंच तुरे वाईट का रे?”

“वाईट नाही गं. उंचीवरून फक्त तुझ्या कपाटाचं दार किती वेळ बंद होतं ते कळतं. आणि यंदा तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं होतं. एक दिवस जास्तीचा मिळाला.”

“मग आपली आजी घट बघून बियाणं कसं ठरवायची?”

हा प्रश्न मात्र रास्त. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातलं बी रुजतं का, हे घटात दिसतंच. फक्त उंची मोजायची नाही, डोकी मोजायची. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळा, ओल राखा आणि आठवड्याने किती रुजले ते बघा. सोयाबीनसाठी कृषी खातं हेच सांगतं. शंभरात सत्तर रुजले तर बी पेरणीयोग्य, त्याहून कमी असतील तर एकरी बियाणं वाढवा किंवा बदला. घटातल्या मडक्याचीही करामत यात आहे. कच्च्या भाजणीच्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपत राहतं आणि भोवतीची माती चिखल न होता ओली राहते. तरीही आमच्या घरी रोज वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि हरभऱ्याला बुरशी आली.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. दसऱ्याला तिने तेच पिवळे तुरे काकांच्या टोपीत खोवले होते आणि सीमोल्लंघनाहून परतेपर्यंत ते माना टाकून बसले, हे तिनेच सांगितलं. नुसत्या उंचीवर खर्च केलेल्या खोडात लाकूडपण कमी असतं, ते पाण्याच्या दाबावरच उभं राहतं. वहिनींचे खुजे तुरे संध्याकाळी सोनं वाटतानाही ताठ होते.